पोटभाडेकरू, शिकमी किरायादार

अब्बांच्या लोखंडी पेटीत निकाहनाम्याच्या खाली भाडेपावत्यांचा एक गठ्ठा आहे. रमजानच्या आधीची साफसफाई करताना तो दर दोन-तीन वर्षांनी हाती येतो, रबर बदललं जातं आणि गठ्ठा परत आत जातो. या वेळी मी पावत्या मोजल्या. एकशे तीन निघाल्या. जळगावातल्या दोन खोल्यांच्या, जून १९८१ पासून मे १९९० पर्यंतच्या. मधल्या पाच महिन्यांच्या मिळालेल्याच नसाव्यात. भाडं महिना पंचेचाळीस रुपये. भाडेकरूच्या रकान्यात प्रत्येक पावतीवर एकाच गुरुजींचं नाव आहे. त्या नऊ वर्षांत ते गुरुजी त्या खोल्यांत एक रात्रही झोपले नाहीत. राहत होतो आम्ही. अम्मी, अब्बा, मोठा भाई आणि मी.

मी चोपड्यात उर्दू आणि मराठी शिकवते. दोन भाषा शिकवणाऱ्याला शब्द शेजारी शेजारी ठेवून बघायची खोड लागते. मराठीच्या तासाला 'पोट' लागून होणारे शब्द फळ्यावर लिहीत होते : पोटजात, पोटकलम, पोटनिवडणूक, पोटहिस्सा, पोटकूळ, पोटभाडेकरू. एका मुलीनं विचारलं, "टीचर, भाडेकरू पोटात कैसा?" मी तिला उर्दूचा शब्द आठवून दिला. शिकम म्हणजे पोट. जुन्या महसुली कागदांत शिकमी काश्तकार येतो, म्हणजे आपलं पोटकूळ, आणि शिकमी किरायादार म्हणजे पोटभाडेकरू. दोन्ही भाषांना एकच चित्र दिसलं आहे. एका माणसाच्या पोटात दुसरा माणूस. बाहेरून दिसतो तो एकच, पावती फाडली जाते ती त्याच एकाच्या नावाची.

आम्ही तसे पोटातले होतो. हे असं राहणं कायद्यानं कधी चालत होतं, कधी बंद झालं आणि कोणत्या तारखेला कोणाला माफी मिळाली, हे मी गेल्या वर्षभरात जमेल तसं वाचून काढलं. ते इथे मांडते आहे, कारण आपल्यातली पुष्कळ घरं या ना त्या शहरात अशीच राहिलेली आहेत.

सुरुवातीला ही गोष्ट बेकायदा नव्हतीच. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्रजांनी केला. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे हक्क एकाखाली एक दिले आहेत. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की करारात काही वेगळं ठरलं नसेल तर भाडेकरू आपला हक्क सगळा किंवा थोडा दुसऱ्याला देऊ शकतो, गहाण टाकू शकतो किंवा पोटभाड्यानं देऊ शकतो. फक्त एक अट, मालकाशी असलेली त्याची स्वतःची जबाबदारी संपत नाही. भाडं थकलं तर मालक त्यालाच विचारणार. म्हणजे मूळ नियम मुभेचा होता आणि मनाई ही ठरवून करायची गोष्ट होती. आज उलट आहे. आज आपल्याला वाटतं, की पोटभाडेकरू ठेवणं ही जन्मापासूनची चोरी आहे.

आपल्या फिकहमध्येही ती चोरी नाही. हनफी मसलकाचं मोठं पुस्तक 'हिदाया', बाराव्या शतकातल्या बुरहानुद्दीन मरगीनानींचं. त्यातल्या इजाऱ्याच्या प्रकरणात भाड्याच्या घराबद्दल सांगितलेलं मला फार व्यवहारी वाटतं. घर भाड्यानं घेणाऱ्यानं आत काय करणार ते सांगितलं नाही तरी करार चालतो. तो स्वतः राहू शकतो, दुसऱ्याला ठेवू शकतो. मात्र लोहार, कपडे आपटून धुणारा आणि चक्कीवाला यांना ठेवायचं नाही, कारण हातोड्यानं, आपटण्यानं आणि जात्याच्या घरघरीनं भिंती खिळखिळ्या होतात. प्रश्न माणूस कोण आहे हा नाही, भिंतीला काय होईल हा आहे. (जळगावात घर शोधताना अब्बांना जे प्रश्न विचारले गेले, त्यांत भिंतींची चौकशी एकदाही नव्हती.)

पैशाबद्दल मात्र हनफी उलमा कडक आहेत. तुम्ही दहाला घेतलेलं घर पंधराला दिलंत, तर वरचे पाच तुमच्यासाठी पाक नाहीत, ते सदका करा. अपवाद दोन. तुम्ही घरात स्वतःच्या खर्चानं काही भर घातली असेल, दुरुस्ती केली असेल, किंवा तुम्ही घेतलेलं भाडं वेगळ्या जिनसेत असेल. इतर इमामांच्या मतानं वरचे पाचही चालतात, म्हणजे कोकणातल्या आपल्या शाफई भावंडांना इथे जास्त मोकळीक आहे. दुसरी एक गोष्ट : हनफींच्या मते करार करणाऱ्या दोघांपैकी एक मेला की इजारा संपतो. मुलाला, नातवाला तो वारशानं जात नाही. मुंबईच्या पागडीच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना हे सांगितलं तर काय चेहरे होतील, ते मी डोळ्यांपुढे आणू शकते.

आता आपल्या सरकारी कायद्याकडे. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. युद्ध संपल्यावर काही वर्षांत तो गेला. दुसऱ्या महायुद्धात १९३९ चा आणि १९४४ चा असे दोन आले. आणि स्वातंत्र्याच्या वर्षी आला तो ज्याला आजही म्हातारी माणसं 'रेंट ॲक्ट' म्हणतात, मुंबई इलाख्याचा १९४७ चा कायदा. नाव मुंबईचं असलं तरी तो एकट्या मुंबईचा नव्हता. अनुसूचीत नाव असलेल्या इलाख्यातल्या शहरांना तो लागू होता.

या कायद्यानं भाडेकरूला दोन फार मोठ्या गोष्टी दिल्या. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि ठरावीक कारणांशिवाय मालकाला घर खाली करून घेता येईना. त्याबरोबर एक गोष्ट काढून घेतली. कलम १५ : कोणत्याही भाडेकरूनं घर पोटभाड्यानं देणं किंवा आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करणं बेकायदा. दिलं तर कलम १३ खाली तेच घर खाली करून घ्यायचं कारण. यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. भाडं गोठवलेलं आणि घर दुर्मीळ. मग वीस रुपये भरणारा भाडेकरू तीच खोली शंभराला देऊन बसल्या जागी ऐंशी खाईल, आणि कायद्यानं मालकाकडून काढून घेतलेला पैसा गरजूला न मिळता मधल्या माणसाला मिळेल. वर सांगितलेल्या हनफी नियमाला हीच भीती होती. फरक एवढाच, की फिकहनं वरचा पैसा अडवला आणि १९४७ च्या कायद्यानं वरच्या पैशाबरोबर माणूसही अडवला.

शिवाय कलम १८ आणि १९. भाडेकरू ठेवताना मालकानं पागडी घेणं गुन्हा, आणि जाताना भाडेकरूनं नव्या माणसाकडून पैसे घेणंही बेकायदा. कागदावर पागडी संपली. मुंबईत मात्र ती त्यानंतर खरी वाढली. खोलीची किंमत भाड्यात दिसेनाशी झाली की ती दुसरीकडून बाहेर पडतेच. जुना भाडेकरू नव्याकडून रोख घ्यायचा, त्यातला एक हिस्सा मालकाला द्यायचा, मालक जुनी पावती बंद करून नवी सुरू करायचा. ज्याच्याकडे पागडीची रोख नसे तो पावतीविना कोणाच्या तरी पोटात शिरे. गिरणीतला गाववाला, मदनपुऱ्यातला मामेभाऊ, मशिदीत ओळख झालेला कोणी.

१९४७ चं कलम इतकं सरसकट होतं, की मालकाची परवानगी असूनही उपयोग नव्हता. वामन श्रीनिवास किणी विरुद्ध रतिलाल भगवानदास हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा निकाल आहे. पोटभाडेकरू ठेवायची मुभा करारातच होती. न्यायालयानं सांगितलं, कायदा मनाई करतो तिथे करार मुभा देऊ शकत नाही. भाडेकरूचं घर गेलं. त्याच वर्षी सरकारला अध्यादेश काढावा लागला. २१ मे १९५९ च्या आधी जे पोटभाडेकरू म्हणून आत शिरलेले आहेत आणि त्या दिवशी प्रत्यक्ष राहत आहेत, ते कायदेशीर. कलमातही दुरुस्ती झाली, की करारात मुभा असेल तर चालेल.

ही पहिली माफी. दुसरी १९७३ मध्ये. मधल्या काळात लोकांनी शब्द बदलला होता. 'पोटभाडेकरू' म्हणायचं नाही, 'लायसेन्सी' म्हणायचं. भाडं नाही, 'भरपाई'. कायद्याची मनाई भाड्यानं देण्याला होती, वापरायला देण्याला नव्हती, म्हणून लीव्ह अँड लायसन्सचे कागद झाले. अशा कागदांवर हजारो माणसं राहू लागली आणि मालकाच्या मनात आलं की रस्त्यावर येऊ लागली. मग महाराष्ट्र सरकारनं कलम १५-अ घातलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसेन्सी म्हणून प्रत्यक्ष राहत आहे, तो भाडेकरू मानला जाईल. अट अशी, की जागा एका खोलीपेक्षा कमी नसावी. म्हणजे खोलीचा कोपरा, पडद्यामागची अर्धी खोली, पाळीनं झोपायची खाट, हे सगळे बाहेर. पेइंग गेस्टही बाहेर. पुढे १९८७ च्या दुरुस्तीनं जुन्या पोटभाडेकरूंनाही याच तारखेपर्यंतची माफी मिळाली.

आम्ही त्या खोल्यांत जून १९८१ मध्ये आलो. आठ वर्षं चार महिने उशीर.

कसे आलो ते सांगते. १९८१ च्या फेब्रुवारीत जनगणना होती आणि शिक्षक सगळे त्या कामाला. अब्बा तेव्हा जळगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेवर होते, गुरुजी मराठी शाळेवर. दोघांचे गट लागून होते. उन्हात दारोदार फिरून कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, खोल्या किती, हे भरून घेताना दोस्ती झाली. अब्बा तेव्हा शहरात घर शोधत होते. मे १९७० मध्ये जळगावात दंगल झालेली होती. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी पुढे न्यायमूर्ती मादन आयोगानं केली. दंगलीला अकरा वर्षं उलटली होती तरी मोहल्ल्याबाहेर घर मागायला गेलं की नाव सांगेपर्यंत बोलणं गोड असे. मोहल्ल्यात जागा नव्हती.

त्याच सुमारास गुरुजींची बदली पारोळा तालुक्यात झाली. त्यांनी खोल्यांची चावी अब्बांच्या हातात ठेवली आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "घर तुमनंच शे, भाऊ." भाडं तेच पंचेचाळीस. अब्बा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे द्यायचे, गुरुजी किंवा त्यांचा भाऊ ते मालकाच्या मुनीमाकडे भरायचा आणि पावती आमच्याकडे यायची. त्या गल्लीत तशा खोल्यांना तेव्हा सहज दीडशे मिळत. गुरुजींनी वर एक रुपया घेतला नाही. त्यांना हिदाया माहीत असायचं कारण नव्हतं.

आता मोठी झाल्यावर, कायदा वाचल्यावर, मला गुरुजींची दुसरी बाजूही दिसते. कलम १३ मध्ये आणखी एक कारण होतं. सबळ कारणाशिवाय घर सलग सहा महिने वापरात नसेल तर मालक ते मागू शकतो. गुरुजींना निवृत्तीनंतर जळगावात परत यायचं होतं. मुलांची कॉलेजं इथे व्हायची होती. कुलूप लावून ठेवलं असतं तर घर गेलं असतं. आत दिवा लागत राहणं त्यांच्याही सोयीचं होतं. यानं त्यांची माया कमी होते असं मला वाटत नाही. दोघांनी एकमेकांचं घर राखलं होतं, एवढंच.

पण राखणं लपून होतं. माझी सगळ्यांत जुनी आठवण अम्मीच्या एका सूचनेची आहे. "कोई पूछे तो बोलना, गुरुजी का घर है, हम मेहमान हैं." दारावरची गुरुजींच्या नावाची पाटी नऊ वर्षं तशीच राहिली. मी उर्दू शाळेत पहिलीला गेले तेव्हा पत्त्यात गुरुजींचं नाव 'मार्फत' म्हणून लिहिलं. ईदला आमच्याकडे येणारे दाराशी थबकून पाटी वाचायचे आणि मग हाक मारायचे. मालक म्हातारे होते, त्यांना सगळं ठाऊक असणार. कधी काही बोलले नाहीत.

म्हातारे १९८९ मध्ये गेले. त्यानंतर त्यांची मुलं आली.

पुढचं समजायला कायद्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पोटभाडेकरू ठेवलाय हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. पाहुणा ठेवणं, भाचा ठेवणं, सोबतीला कोणी ठेवणं म्हणजे पोटभाडं नव्हे. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. भाडेकरूनं जागेवरचा ताबा खरोखर सोडलाय आणि त्याच्या बदल्यात काही घेतलंय. पहिली शेजारपाजाऱ्यांच्या साक्षीनं दाखवता येते. दुसरी अवघड, कारण पैसा हातोहात जातो. तो दिला हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस एकच असतो, पोटातला. आणि दावा लागतो तो मूळ भाडेकरूवर. बेकायदा पोटभाडेकरूला त्या दाव्यात सामील करावंच लागतं असं नाही. हुकूम निघाला की तोही त्याच हुकमानं बाहेर.

मालकाच्या मुलांनी म्हणून आमच्याकडे वकील पाठवला नाही, ते स्वतः आले. नीट बसले, चहा घेतला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की दर महिन्याचे पंचेचाळीस रुपये तुम्ही गुरुजींना देता. पुढच्या महिन्यापासून पावती तुमच्या नावाची. भाडं तीनशे." तीनशे त्या वेळी आम्हाला जड होतं पण अशक्य नव्हतं. आणि पावती स्वतःच्या नावाची म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळत होतं. रेंट ॲक्टचा पूर्ण आसरा. अब्बांच्या हयातीत कोणी काढू शकलं नसतं आणि अब्बांनंतर, बरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला तोच हक्क मिळाला असता.

त्या रात्रीचं अम्मीचं बोलणं भाईला शब्दनशब्द आठवतं, तो तेव्हा चौदा वर्षांचा होता.

"लिख दो. झूट तो नहीं है."

"गुरुजी का घर जाएगा."

"और अपना?"

अब्बा इशाच्या नमाजाला निघून गेले. आल्यावर पुढे काही बोलले नाहीत. आठवड्यानं त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला. चोपडा तालुका मागितला, अम्मीचं माहेर. १९९० च्या मे महिन्यात आम्ही सामान टेम्पोत घालून तापी ओलांडली. भाईची नववी झाली होती. दहावीच्या तोंडावर त्याची शाळा बदलली, त्याचं पुढे जे झालं त्याचा हिशेब अम्मी आजही अब्बांच्या खात्यात मांडते. अब्बांनी बरोबर केलं का? मी दोघांच्या बाजूनं विचार करून पाहिला आहे. अम्मीच्या म्हणण्यात एक शब्दही खोटा नव्हता. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि अब्बांनी सही केली असती तर आज हा मजकूर लिहायला बसले नसते.

गुरुजींनी पुढच्या वर्षी त्या खोल्या मालकाच्या हवाली केल्या. जाताना काही घेतलं का, हे अब्बांनी विचारलं नाही. कलम १९ प्रमाणे घेणं बेकायदाच होतं. घेतलं असलं तरी मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्यानंतर कायदा पुन्हा फिरला. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की १९४० ला बांधून ठेवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. ३१ मार्च २००० पासून जुना रेंट ॲक्ट जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. पोटभाड्याची मनाई यातही आहे, कलम २६, करारात मुभा नसेल तर. पण कलम ५६ वाचून मी थांबले. मालकानं भाडं देताना रक्कम घेणं आणि भाडेकरूनं हक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना रक्कम घेणं, दोन्ही आता कायदेशीर. बावन्न वर्षं जो गुन्हा होता त्याला पावती मिळाली. नवा हक्क पैसे घेणाऱ्याचा. विनापैशानं, दोस्तीत, आपल्या छपराखाली दुसऱ्याला राहू देणारा माणूस जिथल्या तिथे राहिला. मालक कबूल नसेल तर तो आजही घर गमावतो.

हक्क पुढे देण्याचा एक रस्ता आपल्या लोकांना हमखास सुचतो तो वसीयतीचा. मुंबईतल्या माझ्या एका नातेवाइकांनी खोली वसीयतीनं पुतण्याला लिहून ठेवली होती. रेंट ॲक्टखालचा भाडेहक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल आहे, वसंत प्रताप पंडित विरुद्ध अनंत त्रिंबक साबणीस. हक्क मिळतो तो मृत्यूच्या वेळी बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला. म्हणजे शरियतच्या हिश्शांनी खोलीची वाटणी होत नाही आणि वसीयतीनंही नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीला इथे काहीच नाही, हे बहिणींनी लक्षात ठेवावं.

पागडीवर आपल्या उलमांनीही बरंच डोकं खपवलं आहे. अरबीत तिला बदल-ए-खुलू म्हणतात. १९८८ च्या फेब्रुवारीत जिद्द्याला आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीत ठराव झाला. भाड्याची मुदत चालू असताना जुन्या भाडेकरूनं नव्याकडून रक्कम घेणं जायज, पण मूळ करार आणि देशाचा कायदा पाळून. मुदत संपल्यावर घेणं जायज नाही, कारण विकायला हक्कच उरलेला नसतो. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, काजी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांच्या इस्लामिक फिकह अकादमीचं पहिलं सेमिनार दिल्लीत भरलं, तेव्हा चर्चेला घेतलेल्या मोजक्या विषयांत पागडी होती. पहिल्याच बैठकीत हा विषय यावा यावरून कळतं, की किती घरांतून हा सवाल मुफ्तींकडे जात असेल.

शेतीत काय झालं हेही आठवून बघावं. खानदेशात 'कूळ' म्हटलं की खेड्यातल्या माणसाला लगेच कळतं. १९४८ च्या कूळ कायद्यानं कुळानं जमीन पोटानं लावायला मनाई केली, पण त्याच कायद्यात पुढे १ एप्रिल १९५७, कृषक दिन, आला आणि कसणारं कूळ मालक मानलं गेलं. शहरातल्या भाडेकरूला असा दिवस आला नाही. त्याला फक्त काढता येत नव्हतं. पोटभाडेकरूला तेही नाही, त्याच्या वाट्याला अधूनमधून एखादी तारीख.

आज चोपड्यातही अकरा महिन्यांचा करार होतो. एक वर्षाहून कमी ठेवला की नोंदणी लागत नाही, ही जुनी समजूत त्यामागे आहे. नव्या कायद्याचं कलम ५५ वाचलेलं बरं. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. आमच्या शाळेत बाहेरगावाहून आलेल्या दोन तरुण शिक्षिका एका खोलीत राहतात. करार एकीच्याच नावावर आहे. मी दुसरीला सांगितलं, मालकाशी बोल आणि तुझंही नाव घालून घे. ती म्हणाली, "मॅडम, घरमालक चांगले आहेत, काही बोलत नाहीत."

गुरुजी निवृत्त झाल्यावर एकदा चोपड्याला आले होते. हातात केळीचा घड. अब्बांनी अम्मीला जास्तीची बिर्याणी करायला लावली आणि गुरुजींसाठी वेगळं वांग्याचं भरीत. दुपारभर दोघं जनगणनेच्या गोष्टी काढून हसत होते. मालकाची मुलं कोणता कागद घेऊन आली होती, हे अब्बांनी त्यांना सांगितलं नाही. अम्मी दोनदा दारापर्यंत आली आणि परत गेली. आता ते दोघंही नाहीत.

पावत्या परत पेटीत ठेवण्याआधी मी त्या उलटून पाहिल्या. प्रत्येकीच्या मागे अब्बांच्या बारीक उर्दू अक्षरात पैसे दिल्याची तारीख आहे, कोणत्या हातानं दिले तेही. शेवटच्या पावतीमागे लिहिलं आहे : चाबी गुरुजी के भाई को दी, मई का किराया बाकी. तिला मनीऑर्डरची पोच टाचलेली आहे. चोपडा पोस्टाचा शिक्का, जून १९९०, रुपये पंचेचाळीस, आणि खाली गुरुजींची सही.